रोबो हळू चालवला तर बॉक्स उचलतो, स्पीड वाढवला की टाकतो

हा सगळा मामला रोबोच्या व्हॅक्यूम ग्रिपरचा, म्हणजे आतली हवा ओढून माल धरणाऱ्या रबरी कपांचा. कपची पकड म्हणजे व्हॅक्यूम गुणिले क्षेत्रफळ, हे तुम्हाला येतंय असं धरून चालतो. घोळ फॉर्म्युल्यात नसतोच, त्यात टाकलेल्या व्हॅक्यूमच्या आकड्यात असतो. ट्रायलच्या दिवशी माझ्या पोटात अजूनही गोळा येतो, म्हणून ही एकच गोष्ट जरा पाल्हाळ लावून सांगतो.

समजा 8 किलोचा पुठ्ठ्याचा बॉक्स आहे, वरून 40 मिमीचे चार कप. एका कपचं क्षेत्रफळ साधारण साडेबारा चौरस सेंमी, मायनस 60 किलोपास्कलला (बाहेरच्या हवेपेक्षा तेवढा कमी दाब) त्याची पकड 75 न्यूटन, चार मिळून 300. वर उचलताना त्वरण 5 मीटर प्रति सेकंद वर्ग धरलं आणि सेफ्टी फॅक्टर 2 घेतला की लागतात 237 न्यूटन. कागदावर काम झालं, ऑर्डर गेली!

आता हा 60 आला कुठून? कॅटलॉगमधून, नाहीतर कप गुळगुळीत पत्र्यावर ठेवून बघितलेल्या गेजवरून. पुठ्ठ्यातून हवा सतत आत झिरपते, छोटा इजेक्टर (कॉम्प्रेस्ड एअरवर व्हॅक्यूम तयार करणारा) तेवढी ओढू शकत नाही आणि गेज 20 वर येऊन बसतो. मग चार कपची पकड उरली 100. बॉक्सचं वजन 78 न्यूटन, म्हणजे उभ्या जागी तो लटकतो, हळू नेला तर जातोही, पण 5 चं त्वरण दिलं की सेफ्टी फॅक्टर सोडूनही 118 लागतात, खाली पडणारच. मग सगळे रोबोच्या प्रोग्रामरच्या मागे लागतात, बिचारा रात्रभर रॅम्प (वेग किती झटकन वाढवायचा ते) बदलत बसतो आणि सायकल टाइम, म्हणजे एका फेरीला ठरवलेला वेळ, गेला तो गेलाच.

गेज इजेक्टरपाशी लावलात तर तोही फसवतो, कारण बारीक आणि लांब नळीत हवा वाहत असताना कपपाशी व्हॅक्यूम त्याहून कमी असतो. कपच्या अगदी जवळ नळीत टी (तीन तोंडांचा जोड) टाकून मोजा, आणि खऱ्या मालावर मोजा, पत्र्यावर नाही.

यावर खोल व्हॅक्यूमचा, म्हणजे गेजवर मोठा आकडा गाठणारा, इजेक्टर सुचवणारे सीनियर भेटतील. ऐकू नका, स्पष्ट सांगतो. झिरपणाऱ्या मालाला खोल व्हॅक्यूम नाही, फ्लो (जास्त हवा ओढणं) लागतो: ब्लोअर किंवा जास्त फ्लोचा इजेक्टर, जाड नळी, मोठे कप, मऊ ओठाचे बेलोज (घड्यांचे कप), नाहीतर फोमचा ग्रिपर. मायनस 20 लाच मोठं क्षेत्रफळ घेऊन हिशोब बसवा. उलट काच, पत्रा असा न झिरपणारा माल असेल तर घाबरायचं काहीच कारण नाही, तिथे 60 खरोखर मिळतो. तिथेही 90 च्या मागे लागू नका, पकड वाढते फक्त दीडपट, पण तिथपर्यंत पोचायला वेळ आणि कॉम्प्रेस्ड एअर त्यामानाने फारच जास्त जाते.

बाकीचं पटकन. तेलकट पत्र्याला नायट्राइल रबराचा कप चालतो. पुढे पेंट होणार असेल तर सिलिकॉनचे कप लांब ठेवा, त्याचा अंश राहिला की पेंट धरत नाही. माल बाजूने कप लावून उभा धरायचा असेल तर सगळा भार घर्षणावर येतो, तिथे फॅक्टर 4 घ्या, आणि पत्रा तेलकट असेल तर 4 पण कमी वाटायला लागतो.

कप निवडून देणारं सिलेक्शन सॉफ्टवेअर वाईट नाही हो, पण बॉक्स किती झिरपतो ते त्याला तुम्हीच सांगायचं असतं. विक्रेत्याकडून दोन-तीन प्रकारचे कप सॅम्पल म्हणून मागा, लाजायचं काय त्यात. आणि ट्रायलला नवा कोरा बॉक्स एकटाच नेऊ नका, दमट गोदामात पडलेला, टेपची घडी कपखाली येणारा, वरचे फ्लॅप सैल असलेला, सगळे न्या. फ्लॅप सैल असला तर कप पकडून ठेवतो आणि टेपच सुटते, तेव्हा ग्रिपर बदलून उपयोग नाही, खालून आधार द्यावा लागतो.