ऑइलमध्ये पोर्ट्रेट: पापण्या सोडा, आधी सावली पकडा

पोर्ट्रेट करायचं म्हटलं की आपण पहिले डोळेच रंगवायला घेतो, पापण्यांचे केससुद्धा मोजून काढून होतात आणि मग लक्षात येतं की डोळा नाकापासून भलतीकडेच गेलाय. मी हे चार-पाच वेळा केलंय, तुम्ही नका करू.

लाइट एकाच बाजूने हवा. फोटोवरून करत असाल तर फ्लॅशवाला नको, त्यात सावल्याच मरतात. पांढऱ्या कॅनव्हासवर थेट सुरुवात नको, बर्न्ट अंबर (गडद तपकिरी रंग) टर्पेंटाइनमध्ये, म्हणजे ऑइल रंग पातळ करायच्या द्रावणात, पातळ करून फासा, कपड्याने पुसा, वाळू द्या, मधला टोन आयता मिळतो. मग त्याच अंबरने ड्रॉइंग. डोळे साधारण टाळू आणि हनुवटीच्या बरोब्बर मध्यावर येतात, आपला हात मात्र ते कायम वर सरकवतो.

आता डोळे किलकिले करून बघा, बारकावे गायब होतात आणि उजेड नि सावली एवढे दोनच आकार उरतात, ते सावलीचे आकार पातळ अंबरने भरा. माणूस इथेच ओळखू आला पाहिजे! नाही आला तर पुढे कितीही रंग थापा, येणार नाही, सरळ पुसून परत करा. कॅनव्हास आरशात बघितला की वाकडेपणा लगेच पकडला जातो.

रंग चारच घ्या, टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, कॅडमियम रेड लाइट, आयव्हरी ब्लॅक, याला झॉर्न पॅलेट म्हणतात, स्वीडिश चित्रकार अँडर्स झॉर्नच्या नावाने. यात निळा नाही, पण काळ्यात पांढरा मिसळून लालसर त्वचेशेजारी लावा, चक्क निळसर दिसतो. तयार स्किन कलरच्या ट्यूबने चेहरा प्लास्टिकचा होतो हे माझं ठाम मत. गाल, नाक, कान जरा लालसर ठेवा आणि डोळ्यातला पांढरा भाग खरं तर करडा असतो, शुद्ध पांढरा लावलात तर माणूस दचकल्यासारखा दिसेल.

खालचे थर टर्पेंटाइनचे, वरच्यात लिनसीड ऑइल (जवसाचं तेल) वाढवत जायचं, उलटं केलं तर वरचा थर आधी सुकून तडे जातात. खिडकी उघडी ठेवा. आणि हो, लिनसीडच्या चिंध्यांचा बोळा करून ठेवू नका, तो आपोआप पेट घेऊ शकतो, पसरून वाळवा. वार्निश सहाएक महिन्यांनी.