चकाकीनं केला घात

टेस्टिंगला सर्किट बोर्ड मरायला लागले तेव्हा सगळ्यांनी रिस्ट स्ट्रॅपला (अंगातली स्थिर वीज जमिनीत सोडणाऱ्या मनगटी पट्ट्याला) धरलं. मीही दोन दिवस त्यातच घालवले. स्थिर वीज जमिनीत उतरवणारी अँटिस्टॅटिक फरशी तर नवीकोरी, तिच्यावर कोण संशय घेणार?

शेवटी अडीच किलोच्या आतबाहेरचे ते जड इलेक्ट्रोड ठेवून फरशी ते अर्थिंग रेझिस्टन्स मोजला. मर्यादा १ गिगाओहमची, रीडिंग कितीतरी वर. पण बाकाखाली, जिथे पोछा पोचत नाही, तिथे एकदम व्यवस्थित! सफाईवाल्यांनी चमक यावी म्हणून साधं वॅक्स पॉलिश मारलं होतं. म्हणजे फरशीवर इन्सुलेशनचा थर.

स्ट्रिपरनं पॉलिश काढलं, साध्या पाण्यानं दोनदा पुसलं, रात्रभर वाळू दिलं. सकाळी रीडिंग मर्यादेत. आता फक्त न्यूट्रल क्लीनर. आणि हो, हील स्ट्रॅप (अंगातली वीज फरशीत नेणारा, बुटाला लावायचा पट्टा) किंवा अँटिस्टॅटिक बूट नसतील तर चांगल्या फरशीचाही उपयोग नाही.