गार वाऱ्यात टेंट लावताय? या चुका टाळा

डिसेंबर लागला की साताऱ्यातनं ठोसेघर, चाळकेवाडी, बामणोलीकडं गाड्या निघतात, डिकीत भाड्याचा टेंट आणि घरातली सगळ्यात जाड रजई. आणि पहाटे तीनला मला मेसेज येतो, "लय गार आहे, काय करू?" त्या वेळी करण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं, म्हणून आधीच लिहितोय.

पहिली चूक, थंडी वरनं येते असं समजणं. चाळकेवाडीच्या पठारावर, पवनचक्क्यांच्या बाजूला एका ओळखीच्यांच्या रानात मी पहिल्यांदा टेंट लावला तेव्हा अंगावर दोन रजया होत्या आणि खाली नुसती सतरंजी. पाठ बर्फ झाली. शेवटी रानमालकांच्या घरी गेलो, त्यांनी घोंगडी दिली, मी ती पांघरायला लागलो तर म्हणाले, "आरं वर काय घेतोस, खाली घाल की!" घातली आणि तासाभरात झोप लागली. जमीन रात्रभर अंगातली ऊब ओढत असते, आणि रजई असो की स्लीपिंग बॅग, ऊब धरते ती तिच्यात अडकलेली हवा, ती आपल्या वजनानं खालच्या बाजूला दबून निघून जाते, मग खाली काही उरतच नाही. त्यामुळं पैसे कमी असतील तर आधी चांगली फोमची मॅट घ्या, जाड स्लीपिंग बॅग नंतर. मॅटखाली वाळका पेंढा मिळाला तर उत्तमच. फुगवायच्या साध्या गादीवर विसंबू नका, आतली हवा गार होऊन फिरत राहते, तिच्यावर फोम किंवा घोंगडी पाहिजेच.

दुसरी चूक जागेची. सनराइज दिसावा म्हणून पार कड्याच्या टोकाला टेंट लावतात. १० अंश तापमान आणि ताशी ४० किलोमीटर वारं असलं की उघड्या अंगाला ते ६ अंशासारखं लागतं. पण वाऱ्याला भिऊन पार खाली ओढ्यात किंवा तळ्याकाठी पण जाऊ नका, गार हवा जड असते, रात्री उतारानं खाली येऊन साचते. महाबळेश्वरात वेण्णा तलावाच्या काठी दव गोठतं आणि बाजारपेठेत तेवढा गारठा नसतो, ते यामुळंच. मधली जागा बघा, उताराच्या आडोशाला, झुडपांच्या मागं. टेंटची अरुंद बाजू वाऱ्याकडं करा आणि सगळ्या दोऱ्या ताणून बांधा, खाली जांभा असला की खुंटी शिरत नाही, तिथं दोरीला मोठा धोंडा बांधायचा. (कास पठारावर आणि वासोट्यावर मुक्कामाला परवानगी नाही, तिथं लपून टेंट लावू नका.)

सकाळी उठल्यावर "टेंट गळतोय" म्हणतात, तो गळत नसतो. ते आपल्याच श्वासाचं पाणी असतं, सगळ्या चेन गच्च लावल्यानं आतनं कापडावर जमलेलं. ओलं पांघरूण गरम ठेवत नाही, म्हणून वाऱ्याच्या उलट बाजूची वरची खिडकी चार बोटं उघडी ठेवायची. तोंड स्लीपिंग बॅगच्या आत घेऊन झोपायचं नाही, कानटोपी घाला आणि नाक बाहेर ठेवा.

आता जे लिहितोय ते हात जोडून लिहितोय. कोळशाची शेगडी, निखाऱ्याचं घमेलं, गॅस, काहीही टेंटच्या आत घेऊ नका, पाच मिनिटं पण नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटीहून जास्त घट्ट चिकटतो आणि माणूस झोपेतच जातो. डोकं दुखणं, मळमळणं सुरू झालं तर आधी बाहेर या, मोकळ्या हवेत. आणि दारूनं ऊब येते हे पण खोटं आहे, कातडीकडं रक्त धावतं म्हणून गरम वाटतं, पण आतली ऊब उलट लवकर जाते.

बाकी छोट्या गोष्टी. चढताना घामानं भिजलेला सुती टीशर्ट झोपायच्या आधी बदला, मोजे पण. शेंगदाण्याची चिक्की खाऊन झोपा, लघवीला लागली तर दाबून ठेवू नका. घट्ट झाकणाच्या बाटलीत गरम पाणी भरून, मोज्यात घालून पायाशी ठेवली की मध्यरात्रीपर्यंत पाय गरम. स्लीपिंग बॅगवर तापमानाचे दोन आकडे असतात, कम्फर्ट (एवढ्या गारठ्यात आरामात झोप लागते) आणि लिमिट (एवढ्यात कशीबशी रात्र निघते), घेताना कम्फर्टचाच बघा.

कोण थरथरायचं थांबलं आणि बोलताना अडखळायला लागलं तर ते बरं वाटायचं लक्षण नाही, धोका आहे. ओले कपडे काढा, कोरड्यात गुंडाळा, शुद्धीत असेल तर गोड गरम पाजा आणि लगेच गाडी काढून दवाखाना गाठा.

सगळ्यात गार वेळ उजाडतानाची असते आणि नेमका तेव्हाच चहाचा स्टोव्ह रुसतो, कारण छोट्या डब्यातला ब्युटेन गारठ्यात नीट बाहेरच पडत नाही. डबा जॅकेटच्या आत दहा मिनिटं धरा, विस्तवाजवळ नेऊ नका, मग टेंटच्या बाहेर आडोशाला लावा, पेटेल.