आयरिश लेखक वाचायला घेताना

आधुनिक आयरिश साहित्य वाचायचे ठरवले की पुष्कळ जण थेट जेम्स जॉइसची ‘युलिसिस’ हाती घेतात आणि पहिल्या पन्नास पानांतच हात टेकतात. मी स्वतः दोनदा टेकले आहेत. १६ जून १९०४ या एकाच दिवसाची ही प्रचंड कादंबरी नंतरसाठी ठेवावी आणि १९१४ साली निघालेल्या त्याच्याच ‘डब्लिनर्स’ या पंधरा कथांच्या संग्रहापासून आरंभ करावा.

त्यातली ‘एव्हलिन’ ही चारपाच पानांची कथा सावकाश वाचावी. घर सोडून प्रियकराबरोबर ब्युनॉस आयर्सला निघालेली मुलगी संध्याकाळी खिडकीशी बसली आहे, पडद्याला डोके टेकले आहे आणि त्या जाड सुती कापडातल्या धुळीचा वास तिच्या नाकात आहे. मागांच्या खडखडाटात वाढलेल्या सोलापूरकराला कापडाचा आणि धुळीचा हा वास समजावून सांगावा लागत नाही. पुढे ती बंदरावर कठडा घट्ट धरून उभी राहते आणि जहाजावर चढत नाही. का, ते जॉइस सांगत नाही. उत्तर शोधण्यासाठी पुन्हा त्या पडद्यापाशी यावे लागते.

यानंतर ब्रायन फ्रीलचे ‘ट्रान्सलेशन्स’ हे १९८० सालचे नाटक घ्यावे, आणि शक्य असल्यास दोघातिघांनी मोठ्याने वाचावे. १८३३ च्या सुमारास ब्रिटिश सैनिक नकाशासाठी मोजणी करत आयरिश गावांची नावे इंग्रजी वळणाने लिहून घेत आहेत, एवढाच त्याचा विषय. गंमत अशी की रंगमंचावर सगळे इंग्रजीच बोलतात, तरी गावकरी आयरिश बोलत आहेत आणि सैनिकांना त्यातले अवाक्षर कळत नाही, हे प्रेक्षकाने मानून चालायचे असते. एका गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू ऐकणाऱ्या, शिवाय ज्याच्या गावाचे नाव सरकारी कागदांवर ‘शोलापूर’ असे पडले होते, त्या वाचकाला हे नाटक डब्लिनच्या वाचकाइतकेच जवळचे वाटावे. इंग्रजी ही आयरिश लेखकाला इतिहासाने दिलेली भाषा आहे, हे एकदा ध्यानात आले की तिच्याशी त्याचे चाललेले भांडण जागोजागी ऐकू येते. सॅम्युएल बेकेट तर ती सोडून फ्रेंचमध्ये लिहू लागला. त्याचे ‘वेटिंग फॉर गोदो’ हे नाटक मुळात फ्रेंच आहे.

येट्स आणि शेमस हीनी यांच्या कविता मात्र मूळ इंग्रजीतूनच, मोठ्याने वाचाव्यात. अनुवादात त्यांचा नाद उरत नाही.

आजचे लेखन हवे असेल तर क्लेअर कीगनची ‘स्मॉल थिंग्ज लाइक दीज’ (२०२१) ही छोटी कादंबरी घ्यावी. १९८५ च्या नाताळात कोळसा पोचवायला गेलेल्या व्यापाऱ्याला मठाच्या कोळशाच्या खोलीत कोंडलेली मुलगी सापडते. घरी आल्यावर तो बायकोशी काय बोलतो आणि काय गिळून टाकतो, तेवढे संवाद पेन्सिलीने खुणा करून दुसऱ्यांदा वाचावेत.