सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला पदावरून कसे काढतात?

काढता येते, पण 2025 पर्यंत संसदेच्या ठरावाने सर्वोच्च किंवा उच्च न्यायालयाचा एकही न्यायाधीश गेलेला नाही. सरकारला किंवा सरन्यायाधीशांना हे एकट्याने करता येत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद 124(4) मध्ये दोनच कारणे दिली आहेत: शाबीत झालेले गैरवर्तन किंवा अक्षमता. उच्च न्यायालयांनाही हीच तरतूद अनुच्छेद 218 ने लागू होते.

म्हणून सुरुवात कारणापासून करा. निकाल चुकीचा वाटला, तर ते गैरवर्तन नव्हे. त्यासाठी 30 दिवसांत पुनर्विलोकन याचिका करावी लागते आणि तीही फेटाळली गेली, तर क्युरेटिव्ह याचिकेचा, म्हणजे त्याच न्यायालयाकडे चूक सुधारण्याच्या शेवटच्या विनंतीचा, मार्ग उरतो. पैशांचा गैरव्यवहार, पदाचा दुरुपयोग, खोटी माहिती देणे असे काही असेल आणि त्याचे कागद हातात असतील, तरच पुढे जाण्यात अर्थ आहे. निवृत्तीची तारीखही आधी पाहा. सर्वोच्च न्यायालयात वय 65, उच्च न्यायालयात 62. प्रक्रियेला वर्ष-दोन वर्षे सहज लागतात.

नागरिकाला थेट प्रस्ताव मांडता येत नाही, तो खासदारांनीच द्यावा लागतो. न्यायाधीश (चौकशी) अधिनियम, 1968 नुसार नोटिशीवर लोकसभेचे किमान 100 किंवा राज्यसभेचे किमान 50 सदस्य सही करतात. सह्या जास्तीच्या घ्या. 2018 मध्ये सरन्यायाधीश दीपक मिश्रा यांच्याविरुद्धच्या नोटिशीवर 71 सह्या होत्या, पण सातजणांची मुदत संपलेली असल्याने 64 च धरल्या गेल्या. संख्या पुरेशी होती, तरी राज्यसभेचे तेव्हाचे सभापती वेंकय्या नायडू यांनी तीन दिवसांत नोटीस फेटाळली. आरोप ‘असे झाले असावे’ अशा भाषेत मांडलेत, हा त्यांचा एक मुख्य आक्षेप होता. यातून धडा सरळ आहे: प्रत्येक आरोपाला तारीख, रक्कम आणि दस्तऐवज जोडा. तर्कावर उभा असलेला आरोप मसुद्यातून काढून टाका, नाहीतर तो भक्कम आरोपांनाही खाली ओढतो.

नोटीस दाखल करून घेतली, तर लोकसभा अध्यक्ष किंवा राज्यसभा सभापती तिघांची समिती नेमतात. तिच्यात सर्वोच्च न्यायालयाचे एक न्यायाधीश, एका उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती आणि एक नामवंत विधिज्ञ असतात. दोन्ही सभागृहांत एकाच दिवशी नोटीस दिली गेली, तर दोन्हीकडे ती दाखल होईपर्यंत समिती नेमता येत नाही. मग नेमणूक संयुक्तपणे होते. समिती दोषारोप निश्चित करते, न्यायाधीशाचे लेखी म्हणणे घेते, साक्षी तपासते. प्रश्न अक्षमतेचा असेल, तर वैद्यकीय मंडळाकडून तपासणी होते. समितीने निर्दोष ठरवले की प्रकरण तिथेच संपते. दोषी ठरवले, तरच प्रस्ताव मतदानाला येतो.

खरी अडचण मतदानात आहे. प्रत्येक सभागृहात दोन अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात: एकूण सदस्यसंख्येचे बहुमत, आणि उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांचे दोन तृतीयांश. लोकसभेच्या 543 जागा धरल्या, तर पहिल्या अटीला 272 मते लागतात. राज्यसभेच्या 245 मध्ये 123. दोन्ही सभागृहांचे समावेदन (न्यायाधीशाला काढण्याची औपचारिक विनंती) एकाच अधिवेशनात राष्ट्रपतींकडे जावे लागते.

सर्वोच्च न्यायालयाचे न्या. व्ही. रामस्वामी यांच्या प्रकरणात हे गणित उघडे पडले. न्या. पी. बी. सावंत यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्यांच्यावरचे अनेक आरोप शाबीत धरले होते. मुंबई उच्च न्यायालयाचे तेव्हाचे मुख्य न्यायमूर्ती पी. डी. देसाई त्या समितीवर होते. 11 मे 1993 रोजी लोकसभेत प्रस्तावाच्या बाजूने 196 मते पडली, विरोधात एकही नाही. दोन तृतीयांशाची अट निर्विवाद पूर्ण झाली. पण काँग्रेस आणि मित्रपक्षांचे 205 सदस्य सभागृहात बसून तटस्थ राहिले. तेव्हा दोन नामनिर्देशित सदस्य धरून एकूण संख्या 545 होती, म्हणून बहुमताला 273 मते हवी होती. प्रस्ताव पडला. दोषी ठरलेला न्यायाधीश एकाही विरोधी मताशिवाय पदावर राहिला, ही गोष्ट आजही खटकते. तेव्हा पाठिंबा मोजताना ‘विरोध करणार नाही’ म्हणणारा पक्ष विरोधातच धरा.

राजीनाम्याने प्रक्रिया अर्ध्यावर थांबते, हेही गृहीत धरा. कोलकाता उच्च न्यायालयाचे न्या. सौमित्र सेन यांच्याविरुद्धचा प्रस्ताव ऑगस्ट 2011 मध्ये राज्यसभेने मंजूर केला. लोकसभेत मतदान होण्याआधीच त्यांनी राष्ट्रपतींकडे राजीनामा दिला. लोकसभा विसर्जित झाली म्हणून मात्र प्रस्ताव रद्द होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्येच स्पष्ट केले आहे.

सामान्य माणसाने तक्रार कुठे द्यायची? सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाबद्दल सरन्यायाधीशांकडे, उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाबद्दल तिथल्या मुख्य न्यायमूर्तींकडे. न्यायालयाची अंतर्गत चौकशी पद्धत यासाठीच आहे. तिचे मूळ मुंबईत सापडते: 1995 मध्ये मुख्य न्यायमूर्ती ए. एम. भट्टाचार्जी यांच्यावर वकिलांच्या संघटनांनी दबाव आणला, त्यांनी राजीनामा दिला, आणि त्यावरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा पद्धतीची गरज मांडली. या चौकशीतून राजीनाम्याचा सल्ला दिला जाऊ शकतो, काम काढून घेतले जाऊ शकते. पदावरून काढता मात्र येत नाही. तक्रारीत आपले नाव-पत्ता द्या, सोबत प्रतिज्ञापत्र जोडा, मूळ कागद स्वतःकडे ठेवून साक्षांकित प्रती पाठवा. एका पानात काय, कधी, कोणत्या प्रकरणात घडले ते लिहा. निकालावरचा राग त्यात येऊ देऊ नका. तो दिसला की ही हरलेल्या पक्षकाराची तक्रार म्हणून बाजूला पडते.