शिकारी रिट्रीवरचे केस गळतात, मग काय करायचं? आणि कमी केस गाळणारी जात कशी निवडायची?

रिट्रीवर म्हणजे शिकार तोंडात धरून आणणारा कुत्रा. त्याचे केस गळणं बंद करणारा शाम्पू, गोळी किंवा ब्रश अजून निघालेला नाही. निघाला असं कुणी सांगत असेल तर पैसे खिशातच राहू द्या. आपल्या हातात एवढंच असतं की जो केस आज ना उद्या गळणारच आहे, तो सोफ्यावर पडायच्या आधी ब्रशमध्ये यावा. कुत्रा अजून घ्यायचाच असेल तर जात निवडायची मोकळीक आहे. पण केस न गाळणारा कुत्रा आणला म्हणून मेहनत वाचत नाही. झाडूऐवजी कात्री हातात येते, एवढंच.

आधी कोट ओळखा

लॅब्राडॉर, गोल्डन, चेसापीक बे आणि नोव्हा स्कोशिया डक टोलिंग या रिट्रीवरांचा कोट, म्हणजे अंगावरचे केस, दुहेरी असतो. वर राठ, पाणी ओघळून जाईल असे केस आणि खाली दाट, मऊ लव. गार पाण्यात उडी टाकून बदक तोंडात धरून आणायचं काम या लवेच्या जिवावर चालतं. तिच्यात हवा अडकून राहते, पाणी कातडीपर्यंत सहजी पोचत नाही, आणि काठावर येऊन अंग झटकलं की निम्मं काम होतं. म्हणजे घरभर पसरते ती लव कुत्र्याच्या कामाचीच आहे.

प्रत्येक केस काही काळ वाढतो, मग वाढ थांबवून मुळाशी नुसता बसून राहतो आणि शेवटी गळतो. लॅब्राडॉरसारख्या कुत्र्याचे बहुतेक केस कुठल्याही क्षणी या बसून राहण्याच्या अवस्थेत असतात. पूडलचे बहुतेक केस वाढतच असतात, म्हणून ते गळत कमी आणि लांबत जास्त. दिवस लहान-मोठा होऊ लागला की शरीराला ऋतुबदलाची खबर लागते, त्यामुळे वसंतात आणि शरदात लवेचे पुंजकेच्या पुंजके निघतात. रात्री उशिरापर्यंत दिव्याच्या उजेडात, घरात राहणाऱ्या कुत्र्याचं हे वेळापत्रक विस्कटतं आणि तो बाराही महिने थोडे थोडे केस गाळत राहतो. मादी माजानंतर किंवा व्याल्यानंतर एकदम भरपूर केस टाकते. घाबरून जाऊ नका, कोट परत येतो.

पायरी १: कोरडा ब्रश

आठवड्यातून दोन-तीनदा ब्रश करा, पुंजके निघण्याच्या दिवसांत रोज. लॅब्राडॉर आणि चेसापीकला रबरी दातांचा ब्रश पुरतो, जोडीला अंडरकोट रेक, म्हणजे खालची लव ओढून काढणारा लांब दातांचा कंगवा. गोल्डन, फ्लॅट-कोटेड यांसारख्या लांब केसांच्या कुत्र्यांना स्लिकर ब्रश (बारीक तारांचा) आणि धातूचा कंगवाही लागतो. ब्रश वरवर फिरवला तर केस चमकतात, पण लव जागेवरच राहते. एका हाताने केस उलटे धरा, कातडी दिसली पाहिजे, आणि तिथून खालून वर एकेक पट्टा विंचरत चला. मांड्यांची मागची बाजू, मानेभोवतीची झूल आणि शेपटीचं मूळ इथे लव सर्वांत दाट असते. कानामागे आणि काखेत गुंता होतो, तिथे रेक नको, कंगवा घ्या.

हात हलका ठेवा. एकाच जागी जोर लावून रेक फिरवला की कातडी लाल होते, आणि पुढच्या वेळी ब्रश दिसताच कुत्रा टेबलाखाली. दातेरी पात्याची जी अवजारं ढीगभर केस काढून दाखवतात, ती फार वापरली तर वरचे राठ केसही तोडतात. मी ती हंगामात कधीमधी वापरण्यापुरतीच ठेवीन.

पायरी २: अंघोळ, आणि त्याहून महत्त्वाचा ब्लोअर

अंघोळीआधी ब्रश झालाच पाहिजे. सुटलेली लव ओली झाली की तिचा नमदा होतो. कोमट पाणी घ्या. ते कातडीपर्यंत मुरायला वेळ लागतो, कारण पाणी आत जाऊ न देणं हेच त्या कोटाचं काम आहे. शाम्पू कुत्र्यांसाठीचाच हवा. माणसांचा शाम्पू त्यांच्या कातडीला मानवत नाही. फेस पूर्ण निघाला असं वाटलं की आणखी एकदा धुवा.

त्यानंतर जोरदार हवेचा ब्लोअर, कुत्र्यांचे केस कापणाऱ्या ग्रूमरकडे असतो तसा. केसांच्या उलट दिशेने हवा मारली की सुटलेली लव ढगासारखी बाहेर उडते. केस कमी करण्यासाठी एकच गोष्ट करायची असेल तर मी ही करेन, तीही अंगणात किंवा गच्चीवर. कुत्र्याच्या कानांना आवाजाची सवय हळूहळू लावा, तोंडावर हवा मारू नका, आणि माणसांचा हेअर ड्रायर वापरायचा असेल तर गार हवेवर. कोट वरून कोरडा आणि आतून दमट राहिला तर कातडी चिघळून ओला चट्टा पडतो. गोल्डनना हा त्रास विशेष होतो.

चेसापीकच्या केसांना नैसर्गिक तेलकटपणा असतो आणि पाण्यापासूनचं त्याचं संरक्षण त्यावर अवलंबून असतं. त्याला सारखा शाम्पू लावू नका. नुसत्या पाण्याने चिखल धुतला तरी बहुतेक वेळा भागतं.

पायरी ३: शिकारीहून परतल्यावर

खारं किंवा गढूळ पाणी असेल तर गोड्या पाण्याने धुऊन घ्या. गार पाण्यासाठी निओप्रीनचं (रबरासारख्या कापडाचं) जाकीट घातलं असेल तर ते लगेच काढा. दिवसभर ओलं जाकीट काखेत घासत राहिलं की तिथले केस तुटतात आणि कातडी सोलवटते. मग टॉवेल, आणि टॉवेलनंतर बोटं. कानांच्या आत आणि खाली, पंजांच्या बोटांमध्ये, काखेत, शेपटीखाली चाचपून बघा. कुसळं आणि गोखरू अडकण्याच्या जागा याच. गोखरू दुखवतं आणि गुंता करतं, पण कुसळ जास्त वाईट. त्याची बारीक उलटी दातेरी रचना त्याला एकाच दिशेने पुढे ढकलते, ते कातडीत शिरतं आणि आत सरकत जातं. कुत्रा एकाच बोटाला सारखं चाटत असेल किंवा डोकं एका बाजूला वाकवून झटकत असेल तर उद्यावर ढकलू नका.

गाडीतल्या पिंजऱ्यात धुता येईल अशी चादर घाला. घरातल्या केसांसाठी किंचित ओलसर रबरी हातमोजा सोफ्यावरून एकाच दिशेने ओढा, केसांची वळी होऊन येते.

पायरी ४: खाणं

केस जवळजवळ पूर्णपणे प्रथिनाचा असतो. खाण्यात चांगलं प्रथिन नसेल तर कोट निस्तेज होतो आणि गळतीही वाढते. माशाच्या तेलातली ओमेगा-३ मेदाम्लं कोरड्या, कोंडा सुटणाऱ्या कातडीला मदत करतात. फरक दिसायला सहा ते आठ आठवडे धीर धरावा लागतो, आणि प्रमाण पशुवैद्यांना विचारून ठरवावं, कारण जास्त तेलाने पोट बिघडतं. पण जो कुत्रा आधीच नीट खातोय त्याच्या ऋतूच्या गळतीवर तेलाच्या बाटलीने काही होत नाही.

मशीन फिरवू नका

दुहेरी कोटाच्या कुत्र्याला उन्हाळ्यात भादरून टाकायचा मोह होतो. केस तरीही गळतात, फक्त आखूड होऊन गळतात, आणि आखूड केस कापडात रुतून बसतात. वर ऊन थेट कातडीला लागतं, पाण्यापासूनचा बचाव जातो, आणि काही कुत्र्यांचे केस महिनोन्‌महिने नीट परत येत नाहीत. पंजांमधले, पोटाखालचे आणि शेपटीखालचे केस थोडे नीटनेटके केले तर चालतं.

डॉक्टरांकडे कधी जायचं

ऋतूची गळती अंगभर सारखी असते आणि खालची कातडी निरोगी दिसते. गोल चट्टे, खाज, दुर्गंध, खपल्या, किंवा दोन्ही कुशींवर सारखेच विरळ झालेले केस दिसले तर ती गळती नाही, आजार आहे. पिसू, खरूज आणि बुरशी ही नेहमीची कारणं. गोल्डन आणि लॅब्राडॉरमध्ये थायरॉइड मंदावण्याचं प्रमाणही लक्षात घेण्याजोगं आहे: कुत्रा सुस्त होतो, वजन चढतं, शेपटीवरचे केस जातात. हे रक्त तपासून कळतं आणि गोळ्यांनी आटोक्यात राहतं.

आता जात निवडायची असेल तर

पहिला प्रश्न केसांचा नाही, पाण्याचा. बर्फाळ पाण्यात तासन्‌तास बसायचं असेल तर लॅब्राडॉर किंवा चेसापीक घ्या आणि व्हॅक्यूम क्लीनर चांगला घ्या. पाणी सोसवेल इतपत गार असेल तर पुढच्या जातींचा विचार होऊ शकतो.

स्टँडर्ड पूडल हा मुळात पाण्यातून शिकार आणणारा कुत्रा. अमेरिकन केनेल क्लबच्या रिट्रीवर हंट टेस्टमध्ये त्याला आणि आयरिश वॉटर स्पॅनिअलला आजही प्रवेश आहे. दोघेही घरात केस फारच कमी टाकतात. पण गळालेला केस कुरळ्या कोटात अडकून राहतो आणि विंचरला नाही तर त्याच्या जटा होतात. दर सहा ते आठ आठवड्यांनी कापणं आलंच. शिकारीच्या हंगामात केस सगळीकडे दोन-तीन सेंटिमीटरवर ठेवा, नाहीतर प्रत्येक गोखरू पायांना चिकटून घरी येईल. पूडलच्या कित्येक पिढ्या फक्त शोसाठी वाढवल्या गेल्या आहेत, त्यामुळे आई-बाप प्रत्यक्ष शिकारीत काम करताना पाहिल्याशिवाय पिल्लू घेऊ नका.

पोर्तुगीज वॉटर डॉग, फ्रान्सचा बारबे आणि इटलीचा लागोट्टो रोमान्योलो यांचंही गणित हेच. लागोट्टो पूर्वी रोमान्या भागातल्या दलदलीत पाणपक्षी आणायचा. दलदली बुजवल्या गेल्यावर त्याला ट्रफल (जमिनीखाली वाढणारी खाण्याची बुरशी) शोधायच्या कामाला लावलं, आणि आज बहुतेक लागोट्टो त्याच वंशातले मिळतात.

मला स्वतःला वाटतं की कर्ली-कोटेड रिट्रीवरकडे लोक उगाच दुर्लक्ष करतात. हा अस्सल रिट्रीवर, अंगभर बारीक घट्ट कुरळे, आणि आत लव नसल्यासारखीच. केस गळतात, पण बहुधा वर्षातून दोनदाच, आणि दर दीड-दोन महिन्यांनी कात्री लागत नाही. त्याला कोरडा ब्रश केला तर कुरळे फुगून विस्कटतात, म्हणून ओलं करून बोटांनी बसवायचे. पिल्लं मिळायला मात्र वाट पाहावी लागते. पाण्याइतकंच जमिनीवरही काम असेल तर राठ केसांचा वायरहेअर्ड पॉइंटिंग ग्रिफॉन पाहा. त्याचे मेलेले केस वर्षातून दोन-तीनदा हाताने उपटून काढावे लागतात, आणि नीट केलं तर त्याला दुखत नाही.

लॅब्राडूडल, म्हणजे लॅब्राडॉर आणि पूडलचा संकर, याबद्दल सावध राहा. १९८९ साली ऑस्ट्रेलियात वॉली कॉनरन यांनी हा संकर केला तो एका अंध बाईंसाठी, ज्यांच्या नवऱ्याला कुत्र्यांची अॅलर्जी होती. पण पहिल्या पिढीच्या एकाच वेतात एक पिल्लू बापावर जातं, दुसरं आईवर, आणि आठ आठवड्यांच्या पिल्लाकडे बघून मोठेपणी केस गळतील की नाही हे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. गळतीशी निगडित काही जनुकं आता ओळखीची आहेत आणि लाळेवरून तपासणी करता येते. ब्रीडरकडे तो अहवाल मागा.

घरात कुणाला अॅलर्जी असेल तर केसांकडे पाहून ठरवूच नका. अॅलर्जी होते ती कुत्र्याच्या लाळेतल्या आणि कोंड्यातल्या प्रथिनांमुळे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका डच अभ्यासात अॅलर्जीसाठी सुरक्षित म्हणवल्या जाणाऱ्या जातींच्या केसांत हे प्रथिन कमी नव्हे, जास्तच सापडलं. त्या माणसाला त्याच जातीच्या, शक्यतो त्याच आई-बापांच्या सहवासात वेगवेगळ्या दिवशी दोन-तीन तास बसवा आणि मग बयाणा द्या.

कुरळ्या केसांचं पिल्लू घेतलंतच तर पहिल्या आठवड्यापासून त्याला टेबलावर उभं राहायची, कंगव्याची आणि मशीनच्या आवाजाची सवय लावा. साधारण नऊ महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत कधीतरी पिल्लाचा मऊ कोट जाऊन मोठ्या कुत्र्याचा येतो. त्या काळात काल विंचरलेल्या जागी आज पुन्हा गाठी सापडतात, तेव्हा रोज मुळापासून विंचरा. गाठी हाताबाहेर गेल्या तर केस सरळ आखूड कापून घ्या, पूडलला ते चालतं.