द्राक्ष एक्स्पोर्टमध्ये नवीन लागताय? आधी रॉटरडॅम समजून घ्या

बीएस्सी ॲग्री किंवा बीकॉम झालं की नाशिककडची बरीच पोरं द्राक्ष एक्स्पोर्टमध्ये डॉक्युमेंटेशनला लागतात, मीही तसाच लागलो, आणि सीझनभर तोंडात एकच नाव, रॉटरडॅम. ऱ्हाइन आणि मास नद्यांच्या त्रिभुज प्रदेशातलं हे नेदरलँड्सचं आणि युरोपातलं सगळ्यात मोठं बंदर, १८७२ ला समुद्राकडे नवा जलमार्ग काढला तेव्हा मोठी जहाजं यायची सोय झाली, आता मोठे कंटेनर टर्मिनल समुद्रात भर टाकून केलेल्या मासव्लाक्टेवर आहेत. नेदरलँड्सला जाणारी सगळी द्राक्षं डच लोक खातात असं समजू नका हां, तिथून माल ट्रकने जर्मनी आणि पुढे जातो.

पहिले काही दिवस ऑफिसात बसूच नका, पिंपळगाव, दिंडोरीकडच्या पॅकहाऊसला जा. घडातले खराब मणी कात्रीने कसे काढतात, पनेट (प्लास्टिकचे छोटे डबे) कसे भरतात, पेटीत एसओटू पॅड (बुरशी रोखायला सल्फर डायऑक्साइड सोडणारा कागद) कसा ठेवतात ते बघा. आणि प्रीकूलिंग, म्हणजे भरायच्या आधी माल थंड करणं! रीफर कंटेनर माल थंड करत नाही, थंड केलेला माल थंड ठेवतो, त्यामुळे आत गरम माल भरला तर शून्याच्या आसपासचं सेटिंग लावूनही तिकडे देठ सुकलेले आणि मणी गळलेले दिसणार. मग येतो बायरचा क्लेम, म्हणजे भरपाईची मागणी, फोटोसकट. क्लेम आला की लगेच मान्य करायचा नाही, आधी डेटा लॉगरचा (कंटेनरमधलं तापमान नोंदवणाऱ्या यंत्राचा) ग्राफ आणि माल तपासणाऱ्याचा सर्व्हे रिपोर्ट मागायचा, कारण बाजार पडला की काही बायर्सना अचानक क्वालिटी खराब दिसायला लागते.

कागदांत ग्रेपनेटवरचा (द्राक्ष निर्यातीची सरकारी ऑनलाइन नोंद) रेसिड्यू रिपोर्ट, म्हणजे औषधांच्या अंशांची तपासणी, फायटो (माल रोग-किडीपासून मुक्त असल्याचा दाखला), इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बीएल (जहाज कंपनीची मालाची पावती), सगळीकडे कंटेनर नंबर आणि पेट्या जुळल्याच पाहिजेत. रेसिड्यूचं एवढं टेन्शन का ते जुन्या लोकांना विचारा, २०१० ला क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे युरोपात आपला माल अडकला होता आणि बागायतदार अक्षरशः बुडाले होते.

२०२३ च्या शेवटी युरोपच्या वाटेवरच्या तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली, म्हणजे माल कितीतरी दिवस जास्त पाण्यावर. म्हणून ईटीए, म्हणजे जहाज पोचायची अंदाजे तारीख, रोज चेक करा, बुकिंगच्या दिवशीचा धरून बसू नका.

पगार सुरुवातीला बेताचाच. जॉइन व्हायचं तर डिसेंबरच्या आत व्हा, जानेवारीनंतर शिकवायला कुणाला वेळ नसतो.